'कोण आहे?' : फोनच्या कुलपाचा इतिहास

श्रोतेहो, आजचा विषय तुमच्या खिशात आहे. काहींच्या हातात आहे, ते आम्हाला इथून दिसतंच आहे. असू द्या, आज त्याला हरकत नाही. स्मार्टफोनचं कुलूप हा तो विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने या यंत्राच्या वाटेला कशाला जावं, असं कुणी म्हणेल. पण दार वाजलं की आतून आपण जे विचारतो, 'कोण आहे?', तेच हे कुलूप दिवसभर आपल्याला विचारत असतं. आणि तो प्रश्न आमच्याच शास्त्रातला, फार जुना आहे.

दिवसभर म्हणजे किती वेळा? ॲपल कंपनीने २०१६ साली एक आकडा सांगितला होता : आयफोन वापरणारा माणूस सरासरी दिवसातून ८० वेळा फोन उघडतो. घराचं कुलूप आपण दोनदा-चारदा उघडत असू, बँकेतलं लॉकर वर्षातून दोनदा. दिवसाला ८० वेळा उघडायचं कुलूप माणसाने यापूर्वी कधी बनवलंच नव्हतं. एकदा उघडायला १० सेकंद लागतात असं धरा. रोजची तेरा मिनिटं नुसती कुलपाशी उभं राहण्यात गेली. मग माणूस काय करतो? कुलूपच लावत नाही. आणि न लावलेलं कुलूप कितीही भक्कम असलं तरी त्याचा उपयोग शून्य. सुरक्षितता आणि सोय यांचं भांडण आहे असं आपण समजतो, ते इतकं सरळ नाही. सोय हा सुरक्षिततेचाच एक भाग आहे. पण प्रत्येक सोय काहीतरी काढून घेऊनच येते, आणि काय काढून घेतलं ते लगेच कळत नाही. आज ते शोधायचं आहे.

'कोण आहे?' याला माणसाने तीनच तऱ्हेची उत्तरं दिलेली आहेत. माझ्याजवळ अमुक वस्तू आहे. मला अमुक गोष्ट ठाऊक आहे. किंवा, हा मीच, पाहून घ्या. अशोकवनात हनुमानाने सीतेपुढे रामाची अंगठी धरली, ते पहिलं उत्तर. त्या उत्तराचं दुबळेपण विशाखदत्ताने 'मुद्राराक्षसा'त दाखवून ठेवलेलं आहे : अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या जोरावर सगळं कारस्थान उभं राहतं. वस्तू हातची गेली की ओळखही गेली. किल्ली ही अशीच एक वस्तू.

किल्लीच्या कुलपाचा अर्वाचीन इतिहास बराचसा इंग्लंडात घडला. १८१७ साली पोर्ट्स्मथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. सरकारने बक्षीस लावलं : असं कुलूप करा की जे त्याच्या स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही. जेरेमाया चब याने १८१८ साली ते केलं. त्याची गंमत अशी, की कुणी आकडा घालून खटपट केली की आतला एक खटका अडकून बसे आणि मग खरी किल्लीही लागेना. कुणीतरी हात लावला होता, हे मालकाला कळे. आता पाहा, हे पूर्ववत करायला एक निराळी किल्ली लागायची. म्हणजे चोराने नुसती खटपट करावी आणि मालकाने दुसरी किल्ली शोधत बसावं. सहा वर्षांनी, १८२४ साली, चब मंडळींनी ती दुसरी किल्ली काढून टाकली. खरीच किल्ली विशिष्ट तऱ्हेने फिरवली की झालं. कुलूप आधी कडक करायचं आणि मग माणसाला झेपेल इतकं सैल करायचं, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चबचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. ब्रामाचं प्रसिद्ध कुलूप, ज्यावर कित्येक दशकं २०० गिनींची पैज लावलेली होती, तेही त्याने ५१ तास खपून उघडलं. इंग्रज व्यापाऱ्यांची झोप उडाली म्हणतात. आपल्याकडे मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा धंदा सुरू केला तो १८९७ साली. हे साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

चबचा तो खटका तुमच्या फोनमध्ये आजही आहे. चुकीचा आकडा चार-पाच वेळा टाकून पाहा. फोन म्हणेल, आता थांबा. आयफोनमध्ये अशीही सोय आहे की दहा वेळा चुकलं तर आतलं सगळं पुसून टाकायचं. या खटक्यावरून अमेरिकेत मोठा खटला उभा राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे हत्याकांड झालं, हल्लेखोर मारला गेला, त्याने वापरलेला आयफोन ५ सी एफबीआयच्या हाती आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला सांगितलं, तो दहा वेळांचा अडसर निघेल असं सॉफ्टवेअर करून द्या. ॲपलने नकार दिला. मार्च संपता संपता एफबीआयने कळवलं की बाहेरच्या मदतीने फोन उघडला आहे, आणि खटला मागे घेतला. अडसर नसेल तर काय होतं, याचं गणित सोपं आहे. एक आकडा तपासायला त्या फोनला साधारण ८० मिलिसेकंद लागत. चार आकडी संकेत दहा हजार. यंत्राने एकापाठोपाठ एक भरत नेले तर सगळे संपायला तेरा मिनिटं. मघाचीच तेरा मिनिटं! आपली रोज वाचणारी तेरा मिनिटं आणि चोराला पुरणारी तेरा मिनिटं, असा हा योगायोग. तेच सहा जागांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून संकेत केला, तर सगळे तपासायला साडेपाच वर्षं.

मग सगळ्यांनी सहा अक्षरी संकेत ठेवावा, एवढंच ना? इथेच खरी अडचण आहे. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध लिहिला. हा गृहस्थ भाषांचा प्राध्यापक होता, हे सांगायला आम्हाला बरं वाटतं. त्याने चांगल्या गुप्तलेखनाच्या सहा अटी घातल्या. त्यातली एकच अट जगाने उचलली : पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, गुप्त काय ती किल्ली असावी. सहावी अट मात्र कुणी फारशी सांगत नाही. ती अशी, की पद्धत वापरायला सोपी हवी. डोक्याला ताण देणारी आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करायला लावणारी नको. रणांगणावरचा शिपाई दमलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. पुढे १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी माहितीच्या रक्षणाची तत्त्वं मांडली, त्यांतही हे तत्त्व आलं : यंत्रणा माणसाच्या मनाला मानवणारी हवी. नाहीतर माणूस पळवाट काढणारच.

पळवाटेचं आपल्याकडचं उदाहरण रायगडावर आहे. हिरकणीची आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकरी नियमाला पक्के, आणि घरी तान्हं बाळ. ती कड्यावरून उतरली. आपण ती गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती तशीच आहे. पण पहारेकऱ्याच्या बाजूनेही एकदा वाचून पाहा. दरवाजा इतका कडक होता की ज्याला खरोखर निकड आहे त्याने दुसरी वाट शोधली, आणि किल्ल्याचा कच्चा कडा उघडा पडला. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं आख्यायिका सांगते. महाराजांनी शिक्षा केली नाही, कडा बुजवला. हा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या कचेऱ्यांत दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतात आणि माणसं तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात, तेव्हा चिठ्ठी लावणाऱ्याला बोल लावला जातो. कडा कुणी पाहत नाही.

दुसरं उत्तर, 'मला ठाऊक आहे', ते संगणकावर १९६० च्या दशकात आलं. एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत बसवली आणि ज्याची-त्याची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ सालीच ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्या पासवर्डांची यादी छापून घेतली. कशासाठी? त्याला आठवड्याला मिळणारा संगणकाचा वेळ पुरत नव्हता! पासवर्डचा जन्म आणि पासवर्डची पहिली चोरी यांत फारसं अंतर नाही.

चार आकड्यांची कथा तर घरगुतीच आहे. जून १९६७ मध्ये लंडनजवळ एनफिल्ड इथे बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचं. पिनच्या शोधाचा मान कुणाचा यावर वाद आहे. जेम्स गुडफेलो यांचं पेटंट १९६६ चं आहे. पण शेफर्ड-बॅरन सांगत ती हकीकत अशी : त्यांना लष्करातला स्वतःचा सहा आकडी क्रमांक पाठ होता, म्हणून सहाच आकडे ठेवायचे होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी पत्नी कॅरोलाइन यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आपल्याला चारच लक्षात राहतात. ठरलं, चार. जगभरच्या बँका पुढे त्या टेबलावरून चालल्या. दहा लाख शक्यतांच्या जागी दहा हजार आल्या, त्या एका माणसाच्या स्मरणशक्तीच्या मापाने. यात हसण्यासारखं काही नाही. कॅरोलाइनबाईंना विचारलं गेलं, ही त्या काळात दुर्मीळच गोष्ट म्हणायची.

२००७ साली आयफोन आला तोही चार आकड्यांचाच संकेत घेऊन. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा, त्यात नऊ ठिपके जोडून आकृती काढायची पद्धत होती. कागदावर पाहिलं तर अशा ३,८९,११२ आकृती होतात. पण आपण कागदावर जगत नाही. माणसं डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात, इंग्रजी अक्षरं काढतात, आणि बोटाचा तेलकट माग काचेवर ठेवतात. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की प्रकाश नीट तिरपा पाडला आणि छायाचित्र घेतलं तर त्या मागावरून आकृती वाचता येते. चार आकड्यांचंही तेच. दहा हजारांतले लोक निवडतात ते जन्मसाल, लग्नाची तारीख किंवा १२३४.

आणि पुष्कळ लोक तर काहीच लावत नव्हते. २०१४ साली ॲपलने सांगितलं की निम्म्याहून कमी ग्राहक संकेत ठेवत. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन आला आणि हे प्रमाण ८३ टक्क्यांवर गेलं. कुलूप अधिक मजबूत झालं म्हणून हे घडलं नाही, लावण्याचा त्रास गेला म्हणून घडलं. सोय वाढवून सुरक्षितता वाढली, याचं याहून सरळ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण बोट म्हणजे तिसरं उत्तर. 'हा मीच.' आणि या उत्तराचा इतिहास कुलपाचा नाही, तो पोलिसांचा आहे, आणि आपल्या देशातला आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या पुरवठादाराचा हाताचा पंजा करारावर उमटवून घेतला. हेतू असा, की नंतर 'सही माझी नव्हे' म्हणायला त्याने धजू नये. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. कलकत्त्याची ठसे-कचेरी निघाली ते साल १८९७. मुंबईत गोदरेज कुलपं करू लागले तेच साल. दोन्ही धंदे एकाच वर्षी सुरू झाले, पण त्यांच्या दिशा उलट होत्या. कुलूप मालकाच्या बाजूने असतं. ठसा हा नेहमी दुसऱ्याच्या, म्हणजे सरकारच्या, सावकाराच्या बाजूने असायचा. आपल्या पूर्वजांनी अंगठे दिले ते मालक म्हणून नव्हे. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोन ५ एस आला आणि ठसा प्रथमच कोट्यवधी लोकांच्या हाती मालकाची किल्ली म्हणून आला. ते यंत्र येण्याआधीही असे फोन होते, पण रूढ झाले ते इथून.

विक्री सुरू झाल्यावर दोनच दिवसांत जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवर उमटलेल्या ठशाचं छायाचित्र घेऊन त्यावरून पातळ खोटं बोट केलं आणि फोन उघडला. कंपनीचा दावा खोटा नव्हता. अनोळखी बोट चुकून जुळण्याची शक्यता पन्नास हजारांत एक होती, चार आकड्यांहून बरीच कमी. पण आकडा फुटला तर बदलता येतो. बोटं दहाच. २०१७ चा चेहरा ओळखणारा आयफोन दहा लाखांत एक म्हणाला, आणि जुळ्या भावंडांबाबत ही हमी नाही हेही म्हणाला. त्याआधी, २०११ साली, अँड्रॉइडने चेहऱ्याची सोय दिली तेव्हा ती छायाचित्रानेही फसत होती.

इथे एक गोष्ट समजून घ्या, ती पुष्कळांना ठाऊक नसते. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की तो बोट घेत नाही, आकडाच मागतो. हा दोष नव्हे. आतला मजकूर ज्या किल्लीने बंद असतो ती किल्ली तुमच्या आकड्यापासून बनते. बोट हा फक्त दारवान. सकाळी मालकाने किल्ली दिली तर दिवसभर तो दार उघडतो. मुळात मालक कोण, हे त्याला ठरवता येत नाही.

आता आमच्या शास्त्राकडे येतो. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने (नावाचा योगायोग सोडून द्या) १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत विचारलं : राजपुत्राची स्मृती चांभाराच्या देहात गेली तर तो कोण? त्याचं उत्तर, राजपुत्र. व्यक्ती म्हणजे स्मृतीचं सातत्य. आकडा विचारणारा फोन लॉकच्या मताचा आहे. आपल्या परंपरेत प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः'. तोच हा देवदत्त. काशीला पाहिलेला आणि आज समोर असलेला एकच, हे समोरच्याला पाहून आणि आधीचं आठवून कळतं. चेहरा ओळखणारा फोन नेमकं हेच करतो. फरक इतकाच की इथे आठवण देवदत्ताची नाही, फोनची आहे. देवदत्ताला काहीच आठवावं लागत नाही. त्याने काही म्हणावंही लागत नाही.

आणि सोयीने काय काढून घेतलं ते इथे दिसतं. देवदत्त झोपलेला असला तरी तो देवदत्तच असतो. त्याचं बोट काचेवर टेकवता येतं. ओळख पटली, पण संमती? आकडा सांगताना माणूस 'हो' म्हणत असतो. न सांगून तो 'नाही' म्हणू शकतो. आयफोनने डोळे उघडे आहेत का, लक्ष फोनकडे आहे का, हे पाहायला सुरुवात केली ती या 'हो'चा थोडा अंश परत आणण्यासाठीच. पण उघडे डोळे म्हणजे संमती नव्हे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा भेद फोनच्या कितीतरी आधी आला होता. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड, १९६१. अकरा न्यायाधीश. प्रश्न असा, की आरोपीला अंगठ्याचा ठसा द्यायला लावणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं आहे का? राज्यघटनेचं कलम २०(३) अशी सक्ती मना करतं. न्यायालयाने म्हटलं, नाही. साक्ष म्हणजे स्वतःच्या माहितीतलं काही सांगणं, ठसा म्हणजे तसं काही सांगणं नव्हे. त्या काळी ठसा म्हणजे फक्त तुलनेचा कागद होता, त्याने काही उघडत नव्हतं. आज तोच अंगठा माणसाच्या सगळ्या पत्रव्यवहाराचं, पैशाचं आणि छायाचित्रांचं दार उघडतो. न्यायालयांपुढे यावर वाद होत राहिले आहेत. आमचं मत विचाराल तर जुना भेद जसाच्या तसा नव्या अंगठ्याला लावता येत नाही.

न्यायालयापेक्षाही जवळची जागा म्हणजे घर. २०१८ साली भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रियांच्या फोन वापराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की घरातला फोन 'आपला' नसतो. नवरा, मुलं, सासू कुणीही मागावा आणि द्यावा लागावा. फोनलाच कुलूप घातलं तर संशय येतो. म्हणून बायका आतल्या एखाद्या ॲपला वेगळं कुलूप घालतात, निवडक संदेश पुसतात. कंपन्यांनी कल्पिलेला एक फोन-एक मालक इथे नाहीच. आणि चोर म्हणून कल्पिलेला परका माणूसही नाही. उलट, वयस्कर माणसाच्या फोनचा आकडा नातू ठरवतो, सगळ्या घराला तो ठाऊक असतो, आणि ते त्याला सोयीचंही असतं. आमच्या वयाच्या माणसाच्या बोटावरच्या रेषा यंत्राला धड दिसत नाहीत, हेही आहेच.

अलीकडे कुलूपकारांनी एक निराळा मार्ग धरलेला दिसतो. अमेरिकेत चोर आधी खांद्यावरून आकडा पाहून घेत आणि मग फोन हिसकावत. आकडा हाती आला की मालकाचं सगळं खातंच बदलून टाकत. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये आयफोनला अशी सोय मिळाली की नेहमीच्या जागेपासून दूर असताना महत्त्वाचे बदल आकड्याने होतच नाहीत, चेहरा किंवा बोट लागतं, आणि काही बदलांना वर तासभर थांबावं लागतं. म्हणजे ८० वेळा उघडायचं दार हलकं, आणि वर्षातून एकदा उघडायची तिजोरी जड. चबला हे पटलं असतं.

आणि उलट दिशेचीही एक कळ आहे. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण दोन-तीन सेकंद एकदम दाबून धरा. पडद्यावर फोन बंद करण्याची पट्टी आली की पुरे, बंद करायची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये पॉवर बटणाच्या यादीत 'लॉकडाउन' नावाचा पर्याय असतो. काही फोनमध्ये तो आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. हे केलं की फोन पुढच्या वेळी चेहरा ओळखत नाही, बोट घेत नाही. फक्त आकडा मागतो, आणि तो सांगायचा की नाही हे तुमच्याकडे राहतं. प्रश्नोत्तरांना अजून वीस मिनिटं आहेत. ज्यांना ती कळ सापडत नसेल त्यांनी फोन घेऊन पुढे यावं. आमची नात पहिल्या रांगेत बसली आहे, ती दाखवील.